काळ्यावर पांढरे

बिदरी इराणातून आली, हे आपल्याकडे इतक्या सहजपणे सांगितले जाते की त्यावर कुणी थांबून प्रश्न विचारत नाही. बंगळुरूच्या कावेरी एम्पोरियमच्या कपाटात असो किंवा महादेवपुऱ्यातल्या एखाद्या कंपनीने पाहुण्याला दिलेल्या भेटीच्या डबीत असो, काळ्याभोर अंगावर चांदीची वेलबुट्टी असलेली ती वस्तू दिसली की पाठोपाठ गोष्ट येते. अहमदशहा वली बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला हलवली, तिथे नवे महाल उठवले आणि ते सजवायला इराणातून कारागीर आणवले. त्यांत अब्दुल्ला बिन कैसर नावाचा एक उस्ताद होता, त्याने ही कला इथल्या लोकांना शिकवली. काही जण तिचे मूळ अजमेरच्या ख्वाजांच्या सोबत आलेल्या शिष्याशी नेऊन भिडवतात. गोष्टी वेगवेगळ्या, पण सांगण्याचा रोख एकच: जे काही आले ते पश्चिमेकडून आले आणि दख्खनने ते फक्त घेतले. माझे म्हणणे असे की या गोष्टीत अर्धे खरे आहे आणि नेमके महत्त्वाचे अर्धे सुटले आहे. धातूत चांदी जडवण्याची सवय आणि नक्षीची बरीचशी भाषा पश्चिमेची, यात वाद नाही. पण बिदरीला बिदरी करणारी गोष्ट चांदी नाही, तिच्याखालचा काळा रंग आहे. आणि तो काळा रंग पश्चिमेच्या इस्लामी जगात कुणी केला नव्हता, कारण तो ज्या धातूवर चढतो तो धातू त्यांच्या भट्टीतून कधी बाहेरच पडला नव्हता.

आधी पश्चिमेकडे काय होते ते पाहू, नाहीतर तुलना एकतर्फी होईल. अगदी टोकापासून, म्हणजे अरबांच्या स्पेनपासून सुरुवात केली तर उत्तम धातुकामाची रांगच लागते. कॉर्डोबाचा खलिफा दुसरा हकम याच्या अखेरच्या दिवसांत, ९७६ च्या सुमारास, त्याचा वारस हिशाम याच्यासाठी केलेली चांदीची पेटी आज जिरोनाच्या कॅथेड्रलच्या खजिन्यात आहे. लाकडी गाभ्यावर चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली पानांची नक्षी, वर सोन्याचा मुलामा, आणि कुलपाच्या पट्टीवर बद्र आणि तरीफ या दोन कारागिरांची नावे. ग्रॅनाडाच्या अलहम्ब्रातल्या मशिदीसाठी तिसऱ्या मुहम्मदने १३०५ मध्ये करवून घेतलेला जाळीदार कांस्यदीप माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याचे सगळे सौंदर्य जाळीतून गळणाऱ्या उजेडावर बेतलेले. मोरोक्कोतल्या फेज शहरी करवीयीन मशिदीत तर चर्चच्या घंटाच दिवे होऊन टांगल्या आहेत. जिब्राल्टर १३३३ मध्ये परत जिंकल्यावर तिथून आणलेल्या एका घंटेभोवती पितळी कडी आणि दिव्यांचे थर बसवून १३३७ मध्ये केलेले झुंबर त्यांतलेच. शत्रूची घंटा वितळवून टाकता आली असती. ती ओळखू येईल अशी ठेवली, यात कलेपेक्षा राजकारण जास्त आहे. या सगळ्या कामात कोरणे आहे, छिद्रे पाडणे आहे, उठाव आहे, मुलामा आहे. धातूत धातू जडवण्याचा खरा बहर मात्र त्याहून पूर्वेला, मोसुल, दमास्कस आणि कैरोत आला. ब्रिटिश म्युझियममधला १२३२ चा पितळी झारी-पात्राचा नमुना, ज्याला ब्लाकास झारी म्हणतात आणि ज्यावर मोसुलच्या शुजा इब्न मनआ याने आपले नाव घातले आहे, तो या कामाचा कळस मानला जातो. शिकारी, गवई, दरबारी, घोडेस्वार अशी सगळी दुनिया त्यावर चांदी-तांब्यात जडवली आहे.

या मोसुलच्या झारीपाशी जरा थांबायला हवे, कारण बिदरीची आजी म्हणून बोट दाखवले जाते ते अशाच वस्तूंकडे. चांदी पिवळ्या पितळेवर बसवली की एक अडचण येते. दोन्ही चकाकतात. लांबून पाहिले तर नक्षी जमिनीत विरघळते. यावर मोसुलच्या कारागिरांनी उपाय काढला तो असा की नक्षीच्या मधली पितळी जमीन खरवडून थोडी खोल करायची आणि तिथे डांबरासारखा काळा लेप भरायचा. उपाय चांगला होता, पण तो लेपच होता. शेकडो वर्षांच्या हाताळणीत आणि घासण्यात तो ठिकठिकाणी गळून गेला आणि जुन्या भांड्यांवर आज त्याचे अवशेष खाचांतच सापडतात. म्हणजे काळ्यावर पांढरे दिसावे ही इच्छा त्यांनाही होती. धातू स्वतःच काळा व्हावा, ही युक्ती मात्र त्यांच्या हाती लागली नाही. आणि ती का लागली नाही याचे कारण कौशल्यात शोधून सापडणार नाही, ते भट्टीत शोधावे लागते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पण मध्ययुगात पितळ करणाऱ्या बहुतेक लोकांनी जस्त नावाचा धातू डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ते तांब्याचे तुकडे, कोळसा आणि जस्ताचे खनिज बंद मुशीत घालून तापवत. आत जस्ताची वाफ तयार होई आणि तिथल्या तिथे तांब्यात मुरे. मूस उघडली की पितळ मिळे, जस्त कुठेच दिसत नसे. याचे कारण जस्ताच्या स्वभावात आहे. जस्त वितळते ४२० अंशांच्या आसपास, उकळते ९०७ अंशांना, आणि खनिजातून ते सुटे व्हायला हजाराच्या वर उष्णता लागते. म्हणजे ते जन्मतःच वाफ असते. त्या वाफेला हवा लागली की तिचा पांढरा भुगा होतो आणि धातू हातचा जातो. इराणात हा पांढरा भुगा मुद्दाम गोळा करत. त्याला तुतिया म्हणत, डोळ्यांच्या औषधात वापरत आणि त्यातूनच पुढे पितळही करत. दहाव्या शतकातल्या मुकद्दसी या भूगोलकाराने किरमाण प्रांतातल्या तुतियाचे वर्णन केले आहे आणि तेराव्या शतकात मार्को पोलोनेही त्याच प्रांतातल्या कुहबनान गावी तो कसा करतात ते लिहून ठेवले आहे. गंमत अशी की ज्या शाह नियामतुल्लांवर अहमदशहा बहमनीची भक्ती होती, ज्यांचा नातू बीदरला येऊन राहिला, ते याच किरमाण प्रांतातल्या माहानचे. बीदर आणि किरमाण यांची इतकी जवळीक असूनही किरमाणची विद्या भुग्यापाशी थांबली होती. तिथला कुणी उस्ताद बीदरला आला असेल तर तो चांदी जडवण्याचा हात घेऊन आला असेल. जस्ताचे भांडे घेऊन येणे त्याला शक्य नव्हते.

सुटे जस्त काढले ते इथल्या लोकांनी. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर इथे १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून उत्खनन केले तेव्हा जुन्या भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशा, एका भट्टीत सहा सहाच्या ओळींनी छत्तीस, तोंड खाली करून भोकाभोकांच्या पाटावर बसवलेल्या. मुशीत खनिज आणि कोळसा भरून तोंडात एक काडी खुपसत. आच लागली की काडी जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. आग वर, थंडावा खाली. त्यामुळे वाफ खालच्या नळीतून उतरताना निवे आणि खालच्या भांड्यात धातूचे थेंब पडत. वाफ वर जाते हे कुणालाही कळते, तिला खाली उतरवायचे हे ज्याला सुचले तो मोठा माणूस. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथातही जस्त काढण्याचे याच जातीचे यंत्र वर्णिले आहे. चौदाव्या शतकापर्यंत जावरला हे काम कारखान्याच्या प्रमाणावर चालू होते. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये, आणि त्याचीही वाफ खालीच उतरत होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज जहाजे चीनचे जस्त भारताच्या किनाऱ्यावर भरभरून उतरवत होती. बीदरच्या भांड्यांतले जस्त जावरचे कशावरून, चीनचे का नसेल? काही भांड्यांत असेलही. बीदरजवळ जस्ताची खाण नाही, त्यामुळे धातू कुठून तरी विकत आणावाच लागे आणि व्यापारी माल जिथून स्वस्त पडेल तिथून येतो. पण यामुळे युक्तिवाद ढळत नाही. चीनमध्ये सुटे जस्त मुबलक होते, तिथे त्याचे पितळ झाले, त्या पितळेची नाणी झाली, बिदरी झाली नाही. पश्चिमेकडे जडावकाम शिगेला पोचलेले होते, तिथे जस्त नव्हते, म्हणून बिदरी झाली नाही. हातात जस्त आणि डोळ्यांपुढे जडावकाम, या दोन गोष्टी एका दालनात भेटल्या त्या दख्खनमध्ये. जस्त कुणाच्या गलबतातून उतरले हा व्यापाराच्या इतिहासातला प्रश्न आहे. त्या जस्ताचे पुढे काय करायचे हे ज्याने ठरवले, कलेचा इतिहास त्याचा.

ते काय करतात हे जवळून पाहण्यासारखे आहे. रेतीत एरंडेल आणि राळ मळून साचा करतात आणि त्यात जस्त-तांब्याचे मिश्रण ओततात. निघालेले भांडे खरबरीत, करड्या रंगाचे, काहीसे गरीब दिसते. कानशीने ते गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. त्याने तात्पुरता काळा रंग येतो, म्हणजे टोकदार सळईने काढलेली नक्षी उजळ रेघांनी दिसते. मग भांडे लाखेवर घट्ट बसवून छिन्नीने त्या रेघा खोदतात. खोदताना खाचेच्या कडा किंचित आतल्या बाजूला कलत्या ठेवतात. चांदीची तार किंवा पत्र्याचा तुकडा त्या खाचेत ठेवून हलक्या हातोडीने ठोकला की चांदी पसरते आणि कडांखाली अडकते. ना डाक, ना गोंद. तारेच्या कामाला तारकशी, पत्र्याच्या तुकड्यांच्या कामाला तहनिशान, आणि जमिनीवर उठून दिसणाऱ्या कामाला जरबुलंद म्हणतात. पुन्हा कानस, पुन्हा घासणे, आणि या टप्प्यावर वस्तू पाहिली तर निराशाच होते. मोरचुदाचा रंग घासून गेलेला असतो. चांदी आणि जस्त दोन्ही जवळपास सारख्याच चंदेरी-करड्या रंगाची, नक्षी डोळ्यांना सापडत नाही. मग भांडे मंद तापवून त्यावर नवसागर मिसळलेला मातीचा लेप चोळतात. काही क्षणांत जस्त काळे पडते आणि चांदी पांढरीच राहते. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळे आणखी खोल होते.

या काही क्षणांत घडते काय, ते सुसान ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन यांनी १९८०च्या दशकात जुन्या भांड्यांच्या तपासणीतून उलगडले. नवसागर आणि मातीतला सोरा मिळून पृष्ठभागावरचे जस्त खाऊन टाकतात. मिश्रणात जे थोडे तांबे असते ते मागे उरते आणि त्याचा पातळ, तांब्याने भरलेला थर काळा दिसतो. म्हणून शुद्ध जस्त घेऊन कितीही माती चोळली तरी करड्यापलीकडे जात नाही, आणि तांबे फार झाले तर ते मुळी जस्ताचे काम राहत नाही. मात्रेची ही जाण अनुभवातून आलेली आहे. तिचा जुना पुरावा आपल्याला बंगळुरूच्याच वाटेने मिळतो. टिपूच्या पाडावानंतर लालबाग काही काळ ज्याच्या देखरेखीखाली होती, तो कंपनी सरकारचा वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिदरीची कृती लिहून ठेवली. तांबे १६ भाग, शिसे ४, कथील २ एकत्र वितळवायचे आणि या मिश्रणाच्या दर ३ भागांना १६ भाग जस्त घालायचे. हिशेब केला तर जस्त सुमारे ८४ टक्के आणि तांबे साडेअकरा टक्के पडते. आजचे कारागीर सोळास एक असे सोपे प्रमाण सांगतात, म्हणजे तांबे सहा टक्क्यांच्या आत. प्रमाण सैल आहे, पण दोन्हीत तांबे आहे आणि थोडेच आहे. ही मात्रा मोसुलच्या पितळेत शोधायला गेलात तर उलटी दिसेल, तिथे तांबे जास्त आणि जस्त कमी. त्या पितळेला नवसागराची माती चोळून बिदरीचा काळा रंग मिळणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचे सगळ्यात बळकट म्हणणे घेऊ. खाच कलती ठेवून चांदी ठोकून बसवण्याची पद्धत जुनी आहे, पश्चिमेकडे ती आधीपासून होती. कामाच्या प्रकारांची नावे फारसी. नक्षीतली खसखशीची झाडे, इरिसची फुले, वेलांची गुंफण इराणी आणि मुघल चित्रांतून आलेली. मग उरले काय? हे सगळे मान्य करूनही बरेच उरते. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून हवा तसा फुगवता येतो. जस्ताचे मिश्रण ठिसूळ, ठोकले की तडकते, त्यामुळे प्रत्येक वस्तू ओतावीच लागते. बिदरीची भांडी जाड, जड आणि ठाशीव आकाराची आहेत ती या सक्तीमुळे. नक्षीही बदलली. मोसुलच्या झारीवर माणसांची गर्दी आहे, तिथे तिळाएवढी जागा रिकामी सोडायची नाही असा पण केल्यासारखा. चांगल्या बिदरीत मोकळी काळी जमीन हाच निम्मा अलंकार असतो. एकेक झाड, एकेक बुट्टी सुटी उभी राहते, कारण आता जमिनीला भरून झाकायची गरज उरलेली नाही. अशर्फी बुट्टीचे गोल ठिपके काळ्यावर विखुरलेले पाहिले की हे लगेच ध्यानात येते. नक्षीकार परका असो की घरचा, त्याला या काळ्याने वेगळे काम करायला लावले.

काळाचा आक्षेप मात्र दोन्ही बाजूंना बोचतो. पंधराव्या शतकातले, म्हणजे बहमनींच्या भर अमदानीतले, खात्रीचे बिदरी भांडे कुठल्या संग्रहात नाही. जुन्यातले जुने नमुने सोळाव्या शतकाची अखेर आणि सतराव्याचा आरंभ इथे येऊन थांबतात. मग अब्दुल्ला बिन कैसर आणि अहमदशहा यांच्यात आणि पहिल्या भांड्यात दीडशे वर्षांची पोकळी राहते. ती भरायची तर सगळे जुने काम वितळवले गेले असे धरावे लागेल, आणि चांदी असलेल्या धातूच्या बाबतीत ते अशक्य नाही. पण मला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. जुन्या बिदरीत सगळ्यांत जास्त सापडतात ते हुक्क्याचे तळ. तंबाखू दख्खनमध्ये पोर्तुगिजांच्या मागोमाग आली. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला गेला तेव्हा ती त्याला नव्याने दिसली आणि त्याने ती कौतुकाने बादशहाकडे नेली. हुक्क्याला असे भांडे हवे की जे पाण्याने भरले तरी आणि नळी ओढली तरी कलंडणार नाही. जड, ओतीव, बुडाला रुंद. जस्ताच्या ओतीव भांड्याचा जडपणा इतर कामांत दोष होता, इथे गुण ठरला. मागणी आली आणि जे तंत्र तोवर किरकोळ चालू असेल किंवा चाचपडत असेल ते धंद्यात उभे राहिले. या चित्रात इराणी उस्तादाची दंतकथा थोडी मागे सरते आणि बहमनींनंतरची बरीदशाही ते मुघल या काळातला बीदरचा बाजार पुढे येतो.

काळ्यावर पांढरे पाहण्याची आवड बीदरमध्ये त्याआधीच रुजली होती, याचा पुरावा दगडात आहे. किल्ल्यातल्या रंगीन महालाची पुनर्रचना त्याच बरीदशाहीतल्या अली बरीदने (राज्यकाल १५४३ ते १५८०) केली, आणि तिथे काळ्या दगडात शिंपले कापून बसवले आहेत: वेली, फुले, फारसी ओळी. खाच खोदायची, आत उजळ तुकडा बसवायचा, आजूबाजूचे काळे तसेच ठेवायचे. पद्धत तीच, साहित्य वेगळे. हा महाल घडत होता तो काळ आणि बिदरीचे पहिले नमुने यांच्यात फार अंतर नाही. दगडातून धातूत ही नजर गेली की उलट, हे ठरवायला पुरावा पुरत नाही, आणि तसे ठरवण्याची गरजही नाही. एका गावात, एका पिढीच्या आसपास, दोन कारखान्यांत एकच आवड दिसते, एवढे माझ्या मुद्द्याला पुरते.

राहिली किल्ल्याची माती. बीदरचे कारागीर सांगतात की लेपाला लागणारी माती किल्ल्याच्या अशा कोपऱ्यातलीच हवी जिथे ऊन-पाऊस शतकानुशतके पोचलेला नाही, आणि ती जिभेवर ठेवून पारखतात. यावर शहाणी माणसे हसतात. हसू नये. सोरा हा पाण्यात चटकन विरघळणारा क्षार आहे, उघड्यावर पावसाने तो धुऊन जातो आणि जुन्या भिंतींच्या आडोशाला साठून राहतो. जिभेला जी चव लागते ती क्षारांचीच. पारख बरोबर आहे. तीच माती हवी हा हट्ट मात्र टिकत नाही. बिहारमधल्या पूर्णियात आणि लखनौत बिदरी होत होती, तिथे बीदरच्या किल्ल्याच्या गोण्या जात नव्हत्या. नवसागर आणि सोरा मिळाला की काळे होते. माझ्या म्हणण्याला यातून धक्का बसतो का? ‘बीदरचीच जादू’ असे मी म्हणत असतो तर बसला असता. माझे म्हणणे जस्त, तांबे आणि क्षार यांच्या मेळाबद्दल आहे, आणि तो मेळ बसवण्याचे श्रेय ज्या गावाने घेतले त्याचे नाव सगळीकडे कामाला चिकटले. पूर्णियातही तिला बिदरीच म्हणत.

आपल्याकडे या नावाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे आजच्या लातूरमधले तालुके बीदर जिल्ह्यातच होते, आणि भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत मराठी आजही घरोघर बोलली जाते. औरंगाबादेतही हिमरूबरोबर बिदरीचे काम चालत आले. तरी मराठी पुस्तकांत बिदरीची नोंद येते ती बहुधा ‘निजामी कला’ म्हणून, दोन ओळींत. कर्नाटकाने ती जास्त जपली, भौगोलिक निर्देशांकाची नोंद करून घेतली, आणि २०२३ मध्ये बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. अडचणी मात्र सन्मानाने सुटणाऱ्या नाहीत. चांदीचा भाव चढला की तार बारीक होते आणि पत्र्याचे तहनिशान काम परवडेनासे होते. म्हणून दुकानात आज तारकशीच जास्त दिसते. शिवाय काळे ऑइलपेंट मारून आणि वर चंदेरी रंगाची नक्षी छापून केलेल्या नकलाही बाजारात आहेत. त्या ओळखायला नखाने कोपरा खरवडून पाहावा. रंग असेल तर पापुद्रा निघतो. खऱ्या बिदरीचे काळे धातूतूनच उमटलेले असते, ते नखाला निघत नाही, आणि कालांतराने फिके पडले तर तेलाच्या बोटाने पुन्हा गडद होते.